जमिनीला पाय न लावता

वाटणीच्या दिवशी मी तळातलं खाचर सोडलं आणि वरचं वरकस मागितलं, तेव्हा ओटीवर बसलेल्या पंचांपैकी एकाने माझ्या नवऱ्याला हळूच विचारलं, "बायकोची तब्येत बरी हाय ना रं?" मी आत चुलीपाशी होते, पण माझे कान तिखट. "तब्येत बरी आहे, आणि कानही बरे आहेत," असं मी आतूनच म्हटलं. ओटीवर हशा पिकला. हसण्यावारी गेलं म्हणूनच ते जमलं, असं मला आजही वाटतं. गंभीरपणे बोलणी झाली असती तर मोठ्या दिरांनीच मला थांबवलं असतं. माणूस तोंडाने फटकळ, पण धाकट्या भावाचं नुकसान उघड्या डोळ्यांनी बघणारा नव्हता.

तळातलं खाचर म्हणजे आमच्या घराचं सोनं. पाणी धरून ठेवणारी काळी माती, आणि भात असं यायचं की बांधावरून चालताना लोंब्या मांड्यांना लागायच्या. वरकस म्हणजे वरचा उताराचा माळ. तिथे दगड आणि गवत, आणि गवत कापून झालं की नुसते दगड. माझ्या जाऊबाईंनी मला मागच्या दारी गाठून विचारलं, "अगं, खरं सांग, गुप्तधन बिन लागलंय का तिथं?" मी म्हटलं, "हो, पण खणायचं नाही, वाढवायचं आहे." त्या बिचाऱ्या आणखीच घाबरल्या.

मला ते वरकस का हवं होतं, ते आधी सांगायला पाहिजे.

आमचं गाव कर्जत आणि चौकच्या मधे, डोंगराच्या पायथ्याशी. गावाच्या वर देवीची राई. जुनी, गच्च, दुपारीसुद्धा आत सावलीच सावली. त्या राईतून वाळकी काटकीदेखील कोणी उचलत नसे, म्हणून ती टिकली. राईच्या वर आमचं वरकस, आणि वरकसाच्या वर डोंगराचं जंगल. राईतून हाक मारली तर डोंगराच्या कडेला ऐकू जाईल, पण शब्द कळणार नाहीत, एवढंच मधलं अंतर. माणसाला ते काहीच नाही. राईतल्या शेकरांना मात्र ते समुद्राएवढं होतं.

शेकरू म्हणजे मांजराएवढी मोठी खार. तांबूस पाठ, पिवळसर पोट आणि अंगापेक्षा लांब झुबकेदार शेपूट. ती जमिनीवर उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर, फांदीवरून फांदीवर, असाच तिचा सगळा संसार. मी लोधिवलीची. रस्त्याकाठचं गाव, ट्रक बघत वाढलेली मुलगी. लग्न होऊन इथे आले आणि राईत पहिल्यांदा शेकरू पाहिलं तेव्हा डोक्यावरची घागर घेऊन तशीच उभी राहिले. घरी आले तर उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली. पण मला त्या बोलण्यांचं काही वाटलं नाही, कारण डोळ्यांपुढे ती शेपूट हलत होती.

तेव्हा राईत तीन होती. त्यातलं एक माझ्या डोळ्यांदेखत गेलं. गवतकापणी चालू होती, मी न्याहारी घेऊन वरकसावर निघाले होते. राईच्या कडेच्या झाडावरून ते शेकरू खाली उतरलं आणि उघड्या माळावरून डोंगराच्या दिशेने पळत सुटलं. झाडावर वीज वाटणारं ते जनावर जमिनीवर किती अवघडलेलं दिसलं! अर्ध्या वाटेवर आमच्याच कुत्र्यांनी त्याला गाठलं. मी भाकरी टाकून धावले, दगड मारले, पण उपयोग झाला नाही. त्या दिवशी मी कुत्र्यांना जेवायला घातलं नाही. त्यांचा काय दोष, हे कळत होतं, तरी घातलं नाही.

आमच्याकडे भातलावणीला वरच्या कातकरवाडीतून एक मावशी यायची. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी, काटक, आणि बोलायला लागली की लावणीपेक्षा जीभ भराभर चालवणारी. मी तिला शेकराचं सांगितलं. ती म्हणाली, "ते डोंगराला निघालं व्हतं बाय. हितं ऱ्हाऊन काय करील? तीन जीव, तिन्ही एका आईची. एका घरात लग्नं लागतात व्हय? राई एवढीशी. हळूहळू सरतील." मग सहज म्हणाली, "माझ्या लहानपनी राईपासून डोंगरापतूर शेकरू जमिनीला पाय न लावता जायचं."

ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं ते कायमचं. म्हणून वाटणीत मी वरकस मागितलं. मधला माळ पुन्हा झाडांनी भरायचा आणि राईतली शेवटची शेकरं संपायच्या आत त्यांना डोंगरापर्यंत वाट करून द्यायची, एवढाच माझा हट्ट होता. नवऱ्याला मी हे रात्री नाही, भर दुपारी, त्याचं पोट भरलेलं असताना सांगितलं. तो मोहोपाड्याच्या बाजूला नव्याने उभ्या राहिलेल्या कारखान्यात पाळीवर जायचा, सायकलने. पगार येत होता, म्हणून आम्हाला हा वेडेपणा परवडणार होता, हेही खरंच. तो बराच वेळ सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, "भावाला वाटेल मी खाचर त्याला दान केलं. वाटू दे. त्याला कधी नव्हे ते माझं काहीतरी चांगलं वाटेल."

एक गोष्ट मात्र वाटणीत माझ्या हातून निसटली. वरकसाच्या अगदी वरच्या कडेला, जंगलाला लागून, ऐनाच्या झाडांचा एक पट्टा होता. तो दिरांनी सोडला नाही. त्या ऐनांवर त्यांचा राब अवलंबून होता. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागी आधी राब भाजतात. शेण, पाला, गवत, माती यांचे थर रचून पेटवायचे आणि त्या भाजलेल्या जमिनीत पाऊस लागताना बी टाकायचं. त्यासाठी माघात झाडांच्या पाल्याच्या फांद्या तोडायच्या, त्यांना कवळ म्हणतात. दरवर्षी कवळ तोडून तोडून ते ऐन नुसते खांब झाले होते. पण तेव्हा मी म्हटलं, तो पुढचा प्रश्न, आधी आपला माळ तर भरू दे.

आणि मग मी जी चूक केली ती फक्त भात लावणारी बाईच करू शकते.

त्या काळात जपानी पद्धतीच्या भातलावणीचं मोठं खूळ होतं. ग्रामसेवक दोरी घेऊन खाचरात उतरायचा आणि आम्हाला रांगेत लावायला शिकवायचा. दोरीत असेल ते पीक, दोरीबाहेरचं ते तण. मी ती विद्या चटकन उचलली होती, आणि माझी लावणी बघायला शेजारच्या गावच्या बायका आणल्या होत्या म्हणून जरा चढलेही होते. मी परसात पळसाच्या पानांच्या द्रोणांत रोपं वाढवली: जांभूळ, आंबा, बेहडा, किंजळ. पाऊस स्थिरावल्यावर माळावर दोरी धरली. नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी खड्डे खणून दिले. इकडून तिकडे सरळ रांगा. मग श्रावणात बेणणीला, म्हणजे तण काढायला गेले. रांगांच्या मधे गुडघाभर उंचीची झुडपंच झुडपं माजली होती. कोयत्याने कापली, कुदळीने खणली, काही तर मुळासकट उपटून बांधावर ढीग घातला. चार दिवस राबले. माळ असा स्वच्छ केला की सारवून घ्यावा.

मावशी करटोली विकायला खाली आली, तेव्हा मी तिला मुद्दाम वर नेलं. शाबासकी पाहिजे होती, दुसरं काय. तिने टोपली खाली ठेवली. बांधावरच्या ढिगातलं एक झुडूप उचललं, त्याचं पान चोळून वास घेतला, मूळ बघितलं.

"हे कोनी केलं?"

"मीच," मी म्हटलं. "एकटीने."

"बाय," ती म्हणाली, "तू पावन्याला पाट मांडलास आन घरच्यांना बाहेर काढलंस."

मला कळेना. तिने मला हाताला धरून खाली बसवलं आणि गवत बाजूला केलं. खाली एक बुंधा होता, जमिनीबरोबर कापलेला, ताटाएवढा रुंद, काळा पडलेला. मी तो दगड समजले होते. त्याच्या कडेने मी कापलेल्या फुटव्यांचे ताजे, ओले तुकडे दिसत होते. "ऐन हाय हा. मेला नाय. दर साली फुटतो, दर साली तुमी गवताबरोबर कापता, गुरं खातात, वनवा जाळतो, तरी फुटतो." मग तिने सांगितलं की ती परकरात होती तेव्हा ठेकेदाराने कोळशाच्या भट्ट्यांसाठी हा सगळा माळ तोडला. तोडणारी माणसं तिच्या वाडीतली. "माझ्या बापाची कुराड लागलीय ह्याला. आमी पोरं लाकडं व्हायचो. कुटं काय व्हतं ते मला ठावं हाय." म्हणजे माळाखाली अख्खं रान जिवंत होतं, तीस वर्षं नुसतं संधीची वाट बघत. आणि मी झाडं लावण्यासाठी ते मुळासकट उपटून काढलं होतं, कारण ते माझ्या दोरीत नव्हतं.

मला शरम वाटली. आणि माझा स्वभाव असा की शरम वाटली की राग येतो. मी मावशीवरच ओरडले, "मग आधी सांगायला काय झालं होतं?" ती शांतपणे टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "तू इचारलंस कवा?" आणि निघून गेली.

ती आठ दिवस आली नाही. शेवटी मीच वाडीवर गेले. काय न्यावं हे सुचेना, म्हणून रिकाम्या हातांनी गेले. ती झोपडीपुढे बांबूच्या डाळ्या विणत होती. मी शेजारी बसले. म्हटलं, "मावशी, आता विचारते. कुठे काय होतं?" ती माझ्याकडे न बघता हसली आणि म्हणाली, "दोरी आनली नायस ना?"

त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. लोकांना वाटतं झाडं वाढवणं म्हणजे झाडं लावणं. आम्ही लावण्यापेक्षा सांभाळलं जास्त. मावशी माळावरून चालायची आणि पायाने गवत दाबत सांगायची, हा हेद, हा धावडा, हितं किंजळ, हा असाणा. मी तिथे तिथे काठी रोवायची. एकेका बुंध्याला दहा-बारा फुटवे यायचे. त्यातला सरळ, जोमदार एक ठेवायचा, फार तर दोन, आणि बाकीचे माघात काढायचे. जिथे मी मुळं उपटली होती तिथेच फक्त रोपं लावायची वेळ आली. राईतून बी आणायचं म्हटलं तर दिरांनी डोळे वटारले. "देवीचं हाय ते." मावशीने त्यावर तोडगा काढला. राईबाहेरच्या कातळावर उदमांजर रोज एका ठरलेल्या जागी घाण करतं, त्यात राईतल्या फळांच्या बिया असतात. त्या ती वेचायची. "देवीनं बाहेर धाडलंय, आमी कुटं तोडलं?" दीर नुसतं "मास्तरीण बाईंना शोभतं हे" म्हणाले. सातवी झालेली सून घरात आल्यापासून मी त्यांच्यासाठी मास्तरीणच होते.

नवऱ्याची तऱ्हा वेगळी. कारखान्यात वृक्षारोपणाचा कार्यक्रम झाला की तो सायकलला बांधून नीलगिरीची रोपं घेऊन यायचा, मोठ्या कौतुकाने. मावशीने एकदा त्याचं पान चुरगाळून हुंगलं आणि "हे सर्दीला बरं" एवढंच म्हणाली. आम्ही ती सगळी शाळेला दिली. तो जरा हिरमुसायचा, पण पुढच्या वर्षी पुन्हा आणायचाच. उन्हाळ्यात मात्र पाळीवरून आल्यावर कावडीने पाणी वर नेणारा तोच. चेष्टा करायचा, "लोक घरात पाणी भरतात, मी डोंगराला पाणी भरतो." पण एक दिवस चुकला नाही.

सगळं गोडच झालं असं नाही. चौथ्या की पाचव्या वर्षी, झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली होती, तेव्हा आग लागली. राब सकाळी भाजायचा असतो, वारा पडलेला असताना. त्या दिवशी दिरांकडे पाहुणे आले आणि त्यांना उशीर झाला. त्यांनी भर उन्हात आपल्या वरच्या तुकड्यात, माझ्या बांधालगत, राब पेटवला, वारा सुटला आणि ठिणगी बांध ओलांडून माझ्या गवतात पडली. आम्ही सगळे ओल्या डहाळ्या घेऊन धावलो. दीर सगळ्यांच्या पुढे होते, अनवाणी. आग विझली तेव्हा अर्धा माळ काळा झाला होता आणि दिरांचे तळपाय पोळले होते. ते लंगडत घरी गेले. मी काही बोलले नाही. माझ्या आयुष्यातलं हे एकमेव गप्प बसणं, असं नवरा सांगतो. मनात मात्र मी ढसाढसा रडत होते. पावसाळा लागला आणि त्या काळ्या बुंध्यांतून पुन्हा कोंब आले, तेव्हा कुठे मला घास गोड लागला. पुढच्या शिमग्याच्या आधी सकाळी वर गेले, तर दिरांच्या आणि माझ्या हद्दीवर दहा पावलं रुंद गवत साफ खरवडलेलं होतं. कोणी केलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

झाडं वाढली. खालून चालताना डोक्यावर पदर घ्यायची गरज राहिली नाही एवढी सावली झाली. रानकोंबडी आली, भेकर ओरडताना ऐकू यायला लागलं. पण शेकरांचं गणित उलट चाललं होतं. राईतली दोन होती, त्यातलं एक म्हातारं होऊन गेलं. उरलं एक. ते आता राईतून माझ्या झाडांवर यायचं, वरपर्यंत जायचं, आणि माझ्या शेवटच्या धावड्यावर अडायचं. पुढे दिरांचे ऐन, नुसते खांब, दूर दूर. त्यापलीकडे डोंगर. ते तिथे बसून खच् खच् ओरडायचं. पलीकडून, जंगलातून, कधी कधी उत्तर यायचं. मग ते परत फिरायचं. इतक्या वर्षांची मेहनत चार उड्यांनी कमी पडत होती.

मी दिरांपाशी विषय काढला. "भावजी, कडेच्या पाच ऐनांना हात लावू नका. पाचच."

"आन राब कशानं भाजू? शेकरानं?"

नवरा म्हणाला, "खत घाल की युरिया. सगळे घालतात."

"तुज्या कारखान्याची भुकटी माज्या रोपाला नको."

मला त्यांचं चुकलं असं म्हणता येईना. मीही भात लावतच मोठी झाले, राबाशिवाय रोप कसं पिवळं पडतं ते मलाही ठाऊक. दोन दिवस विचार केला आणि पुन्हा गेले. "तुम्हाला लागेल तेवढं कवळ मी आणून देते, माझ्या झाडांचे जादा फुटवे काढते त्यांचं. माघ संपायच्या आत तुमच्या खळ्यात भारे पोचतील. तुम्ही पाच ऐन सोडा."

"आन एका साली नाय आनलंस तर?"

"तर तोडा."

ते हसले. "एक साल बघू."

दरवर्षी ते "एक साल बघू"च म्हणायचे. दर माघात मावशी आणि मी भारे वाहायचो. दीर प्रत्येक भारा सोडून तपासायचे. "ह्यात कुडा घातलायस. ऐन, किंजळ पायजे." मी पुटपुटत कुडा काढायची. मावशी म्हणायची, "सोयरा परवडला, राबवाला नको." अशी सहा-सात वर्षं गेली. ऐनांना डोकी आली. फांद्या एकमेकींकडे सरकत होत्या, पण अजून भिडल्या नव्हत्या. आणि राईत तेच एक शेकरू, आणखी म्हातारं. ते जाईल आधी की फांद्या भिडतील आधी, हा एकच विचार मला वर जाता येता छळायचा.

आणि अशातच एका माघात मी बांधावरून घसरले. पाय मुरगळला नाही, मोडला. खोपोलीला नेऊन प्लास्टर घातलं. मावशी त्या वर्षी मुलांबरोबर वीटभट्टीवर गेली होती, पाऊस तोंडावर आल्याशिवाय परतणार नव्हती. नवऱ्याला तो आठवडाभर दिवसपाळी. तो म्हणाला, "रविवारी मी काढतो कवळ." दिरांनी ओटीवरूनच सांगितलं, "रविवारी काढलं तर वाळणार कवा, भाजणार कवा? ठरलं व्हतं ते ठरलं व्हतं. मी उद्या ऐनावर चढतो." मी आतून ऐकत होते. पण शब्द माझाच होता. तर तोडा, असं मीच म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत खाटेवर पडले होते. वरून कोयत्याचा आवाज आला. खट्. थोडं थांबून पुन्हा खट्. प्रत्येक घावाला मी डोळे मिटत होते. मग आवाज बंद झाला. बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, झाला एक ऐन, आता दुसऱ्यावर चढत असतील. आणि बघते तर दीर अंगणात उभे. कमरेच्या आकडीला कोयता, कपड्यांना साल लागलेली, हातात कवळाची काडीसुद्धा नाही.

"पानी दे गं," ते म्हणाले. पाणी पिऊन झाल्यावरही ते जाईनात. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "काठी हाय का तुला?"

"कशाला?"

"वर चल. बघ तूच."

मोठ्या दिरांनी भावजयीच्या हाताला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून त्यांनी काठीचं एक टोक धरलं आणि मी दुसरं. ते पुढे, मी मागे, प्लास्टरचा पाय ओढत. असा तो चढ आम्ही चढलो. दहा पावलांवर थांबायचो. ते मागे वळून बघत नव्हते, पण काठी सैल झाली की थांबत होते.

पहिल्या ऐनाच्या दोन फांद्या तुटून खाली पडल्या होत्या. दुसऱ्या ऐनापाशी ते थांबले आणि बोट वर केलं. शेंड्याजवळ, पानं झडत आलेल्या फांद्यांच्या बेचक्यात, काटक्यापानांचं भलं मोठं घरटं होतं. कावळ्याचं म्हणावं तर चौपट. मी काही बोलायच्या आत घरट्यातून शेपूट बाहेर आली, लांब, झुबकेदार, आणि मागोमाग आमचं म्हातारं शेकरू. ते फांदीवर बसून आमच्यावर खच् खच् ओरडलं.

"चढलो आन हे अंगावर आलं," दीर म्हणाले. "मी म्हटलं, एकच तर हाय. जाईल राईत. पन थांब. बघ."

आम्ही थांबलो. जंगलाच्या बाजूने फांदी हलली. विरळ पानांच्या त्या ऐनांवर सगळं उघडं दिसत होतं. दुसरं शेकरू, तरणं, चकचकीत तांबडं, तोंडात पानांची डहाळी घेऊन जंगलातून पाचव्या ऐनावर उतरलं. पाचव्यावरून चौथ्यावर. चौथ्यावरून तिसऱ्यावर. मग आमच्या डोक्यावरून उडी घेऊन घरट्यात शिरलं आणि डहाळी आत खुपसायला लागलं.

मला रडू फुटलं. मोठ्याने, लहान मुलासारखं. दीर गोंधळून गेले. "रडतेस कशाला? तुला पायजे व्हतं तेच झालं ना?"

"हो," मी म्हटलं, "म्हणूनच."

त्यांनी आकडीचा कोयता काढून हातात घेतला आणि पट्ट्याच्या पार दुसऱ्या टोकाला, घरट्यापासून लांब, एका एकट्या ऐनाकडे गेले. तो त्यांचाच. त्यांच्या वडिलांपासून त्यांचाच. त्यांनी बुंध्यावर हात ठेवला, पण चढले नाहीत. तिथूनच वळून मला हाक मारली.

"ह्यो तोडू का?"

मी वर बघितलं. त्या झाडाच्या फांद्या कुठल्याच झाडाला भिडत नव्हत्या.

"तोडा भावजी," मी म्हटलं. "तुमचं रोपही उगवलं पाहिजे."